माले माहीत शे, सर!

ताई,

मी चोपडा तालुक्यातली. वय २४. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झालेय. घरात एवढं शिकलेली मीच पहिली. आप्पांची साडेचार एकर केळी आहे. गेल्या महिन्यात जळगावजवळच्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये (बाटलीत केळीची रोपं वाढवतात तिथे) इंटरव्ह्यू झाला. समोर तीन सर होते. कन्टॅमिनेशन, म्हणजे बाटलीत बुरशी-जिवाणू शिरलेत हे, कसं ओळखायचं ते विचारलं, मी सांगितलं. लॅमिनार फ्लोवरचं (गाळलेल्या, जंतुविरहित हवेच्या टेबलावरचं) काम सांगितलं. प्रोजेक्टबद्दलही बरं बोलले. मग मधल्या सरांनी इंग्रजीत विचारलं की ऑटोक्लेव्ह (वाफेने जंतू मारायचं यंत्र) किती तापमानाला, किती दाबाला चालवतात, आणि का. ताई, हे मी बी.एस्सी.पासून करतेय. पण डोकं कोरं झालं. हात थरथरायला लागले, तोंड सुकलं. ते 'टेक युअर टाइम' म्हणाले तेव्हा तर आणखीच. शेवटी तोंडातून निघालं, 'माले माहीत शे, सर, माले माहीत शे.' तिघंही हसले. मग 'स्वतःबद्दल सांगा' म्हणाले तर पाठ केलेलं सगळं उडालं. पगार किती हवा विचारलं तर 'तुम्ही द्याल तो' म्हणून मोकळी झाले. परतीच्या बसमध्ये विदगावच्या पुलापर्यंत रडत होते. घरी सांगितलं, चांगला झाला. आता आप्पा रोज विचारतात, काही कळलं का? रात्री डोळे मिटले की ती खोली दिसते. आता १२ तारखेला दुसऱ्या एका लॅबने बोलावलंय. जाऊच नये असं वाटतं. मैत्रीण म्हणते, थरथर थांबायची एक गोळी मिळते, ती घेऊन जा. काय करू?

पोरी,

आधी त्या मेल्या ऑटोक्लेव्हचा निकाल लावू, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल. १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, पंधरा ते वीस मिनिटं. का, तर पाणी उघड्या भांड्यात १०० अंशांच्या आसपास उकळतं आणि तेवढ्या उष्णतेला काही जिवाणूंचे स्पोअर, म्हणजे त्यांची टणक कवचातली रूपं, दाद देत नाहीत. दाबाखाली वाफ जास्त तापते, आणि मारते ती तापलेली वाफ, दाब नुसता तिला तिथवर पोचवतो. तुझी माय रोज डाळीचा कुकर लावते ना, त्याचं गणितही साधारण हेच. तेव्हा हे उत्तर तुला त्या दिवशी येत होतं. तू त्या तिघांना अहिराणीत जे सांगितलंस, 'मला माहीत आहे', ते अक्षरशः खरं होतं.

मग ते ओठांवर का आलं नाही? तुमच्या भागात, सातपुड्याच्या पायथ्याला, केळीत बिबट्या शिरतो. रात्रीची लाइट आली म्हणून पाणी द्यायला मळ्यात गेलेल्या माणसाच्या कानाशी पानं सळसळली की त्याचं काय होतं ते आप्पांना विचार. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातापायांना कंप सुटतो. शरीर ॲड्रेनलिन सोडतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावतं, लाळ आटते कारण जेवणखाण पुढचं पुढे. डोक्यात एकच उरतं: पळ. त्या घडीला कुणी विचारलं की ठिबकची नळी किती मिलिमीटरची टाकलीय, तर स्वतःच्या हातांनी नळ्या अंथरलेला माणूसही ततपप करेल. टेबलामागचे तीन सर म्हणजे बिबट्या नव्हेत हे तुला कळतं, तुझ्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना कळत नाही. शिवाय बोलता बोलता गोष्टी धरून ठेवायची मेंदूतली जागा फार लहान असते. 'आता हे काय म्हणतील' हा पाहुणा तिथे मांडी घालून बसला की १२१ ला टेकायला जागा मिळत नाही. आकडा हरवलेला नसतो, दाराबाहेर उभा असतो. बसमध्ये बसल्यावर तो आठवला असेल. आठवला ना? मला खात्री आहे.

आता तुझ्याच धंद्यातली गोष्ट तुला सांगते. मी वनस्पतीशास्त्र शिकवत नोकरी काढली, त्यामुळे तेवढा अधिकार मला आहे. बाटलीतलं केळीचं रोप बघ. आत हवा दमट, साखर आयती माध्यमातून मिळते, उजेड आणि तापमान ठरलेलं. अशा रोपाच्या पानावर मेणाचा थर नीट धरलेला नसतो, पर्णरंध्रं वेळेवर मिटायला शिकलेली नसतात. ते उचलून थेट एप्रिलच्या आपल्या उन्हात लावलं तर दुपारपर्यंत मान टाकेल. म्हणून रोप बाद आहे असं लॅबमध्ये कुणी म्हणतं का? म्हणतात, हार्डनिंग झालं नाही. आधी पॉलिहाऊस, मग शेडनेट, काही आठवडे तिथे, मग शेतकऱ्याच्या हाती. आप्पांनी जी-नाईन या केळीच्या जातीची रोपं लावली असतील तर ती याच वाटेने आलेली.

तुझं हार्डनिंग कुणी केलं? सतरा वर्षं तू पेपर लिहिलेस. एकटीने, मान खाली घालून, कागदावर. तोंडी परीक्षा म्हणजे प्रॅक्टिकलच्या शेवटी पाच मिनिटं, तीही ओळखीच्या सरांपुढे. घरात काय, तर पोर चारचौघांत कमी बोलली की आपल्याकडे तिचं कौतुक होतं. 'फार गुणी हो, वर मान करून बोलत नाही.' आणि मग चोविसाव्या वर्षी तीन अनोळखी पुरुषांसमोर खुर्चीत बसवून तिला सांगतात, स्वतःबद्दल बोल, तेही इंग्रजीत, आणि जरा आत्मविश्वासाने. मला या प्रकाराचा राग येतो. पण राग येऊन तुझी १२ तारीख निघायची नाही, म्हणून पुढे जाते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि पेन घेऊन प्रश्न मोजले. सहा. त्यातले पहिले तीन चांगले गेले, असं तूच लिहिलंयस, आणि त्यांना मिळून तीन ओळी दिल्यास. बाकीचं पत्र उरलेल्या तीन प्रश्नांचं. रात्री डोळे मिटल्यावर दिसतो तो सिनेमाही असाच कापलेला असणार: पहिली दहा मिनिटं गायब, आणि 'माले माहीत शे' पुन्हा पुन्हा. चारचौघांसमोर फजिती झाल्यावर मन हे करतंच, आणि दर वेळी चित्र मूळच्यापेक्षा थोडं काळं होतं. त्यावर उपाय एकच मला ठाऊक आहे. वही घे आणि तो इंटरव्ह्यू सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा लिहून काढ. कोणता प्रश्न, तू काय म्हणालीस, ते काय म्हणाले. 'मी मूर्खासारखी बोलले' असलं काही लिहायचं नाही, ते तुझं मत झालं. फक्त घडलेलं. चुकलेल्या प्रश्नाखाली बरोबर उत्तर लिही आणि वही मिटव. रात्री पुन्हा सिनेमा लागला तर त्याला सांग, तुझी नोंद झालीय, वही फळीवर आहे. हसू नकोस, थोडाफार फरक पडतो.

आणि ते तिघं हसले, त्याचं. मी तिथे नव्हते, त्यामुळे ते कुचकट हसले की नाही ते मला सांगता येणार नाही. पण जळगावच्या लॅबमध्ये बसलेल्या तिघांपैकी एखाद्याच्या घरी तरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलत असतीलच. सुटाबुटातल्या इंटरव्ह्यूत अचानक आपल्या आजीची भाषा कानावर पडली तर माणूस हसतो. त्या हसण्यात तुझी किंमत कमी झाली असेल असं मला तरी वाटत नाही.

माझी गोष्ट सांगते. १९८९ साली मी धुळे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात लेक्चररच्या जागेसाठी गेले होते. फळ्यावर प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण लिहायला सांगितलं. कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू लिहिले आणि पाण्याचे किती ते आठवेना. खडू तीनदा मोडला. पाठीमागे कुणीतरी खोकलं, तोही मला टोमणा वाटला. कशीबशी बाहेर आले, जिन्यापर्यंत पोचले, तेव्हा लक्षात आलं की फाईल आतच राहिली. सगळे मूळ दाखले त्यात! दहा मिनिटं जिन्यात उभी राहिले. शेवटी दार ढकलून आत गेले, तर आत भज्यांची प्लेट आलेली आणि चर्चा चाललेली, शहादा रस्त्याने गेलं तर गाडी लवकर पोचेल की दोंडाईच्यावरून. एकाने मान वर न करताच फाईल माझ्याकडे सरकवली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फजिती त्यांच्या डोक्यात भजी येईपर्यंतसुद्धा टिकली नव्हती. ती नोकरी मिळाली नाही मला. पाण्याचे रेणूही सहाच असतात, हे आता झोपेतही सांगेन.

पुढे बरीच वर्षं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले, विषयतज्ज्ञ म्हणून. तिथून काय दिसतं ते ऐक. समोरचा उमेदवार घाबरलाय हे दिसतं, पण त्याला वाटतं तेवढं मुळीच दिसत नाही. तुला तुझी धडधड आतून ऐकू येते, आम्हाला थोडा बारीक झालेला आवाज ऐकू येतो, बस. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये याच गोष्टीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. भाषण करणाऱ्या विद्यार्थ्यांना आपली भीती लोकांना जेवढी दिसतेय असं वाटत होतं, तेवढी ती प्रत्यक्षात दिसत नव्हती. आणि गंमत म्हणजे हे ज्यांना भाषणाआधीच सांगितलं होतं त्यांची भाषणं जास्त चांगली झाली. म्हणून तर तुला मुद्दाम सांगतेय.

माझ्या लक्षात राहिले ते घाबरलेले उमेदवार नाहीत. लक्षात राहिले ते येत नसताना ठोकून देणारे. घाबरलेल्याला आम्ही पाणी द्यायचो. ठोकून देणाऱ्याला पुढचा प्रश्न.

आता १२ तारखेचं. जायचं. यात मला चर्चा नको. एकदा टाळलंस तर त्या दिवशी फार हलकं वाटेल, आणि त्या हलकेपणाचीच चटक लागते. मग तिसऱ्या वेळी फोनही उचलावासा वाटणार नाही. निवड होईल की नाही ते मला माहीत नाही. पण पॉलिहाऊसमधून शेडनेटमध्ये जायची तुझी पाळी आलीय.

मधले दिवस वाचण्यात घालवू नकोस, तुला विषय येतो. बोलण्यात घाल. मनातल्या मनात उत्तर म्हणणं आणि तोंडाने म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले दोन-तीन दिवस मायजवळ स्वयंपाकघरात बसून तिला तुझं काम अहिराणीत समजावून सांग. लॅमिनार फ्लो काय, बाटलीत बुरशी आली की कापसासारखी का दिसते, सगळं. अहिराणीत जे समजावता येतं ते तुला पक्कं कळलेलं असतं. मग तेच मराठीत, एखाद्या भावंडापुढे. मग इंग्रजीत. भारी इंग्रजी नकोच, आखूड वाक्यं पुरतात. त्यानंतर तुझ्या कॉलेजातल्या एखाद्या मॅडमना फोन कर आणि वीस मिनिटं मागून घे. त्यांना म्हण, तुमच्याबरोबर मला न ओळखणारं कुणीतरी बसवा आणि मध्येच आडवा प्रश्न टाका. त्या दिवशी जे कपडे घालणार तेच घालून जा. थरथर तिथेही होईल, व्हायलाच हवी.

एक वाक्य मात्र घोटून ठेव, दुसरं काही पाठ केलं नाहीस तरी चालेल: 'सर, एक क्षण द्या, आठवून सांगते.' हे म्हणायचं, पाण्याचा घोट घ्यायचा, श्वास सोडायचा. तीन-चार सेकंदांची शांतता तुला तासासारखी वाटते, पलीकडच्यांना ती विचार करणारी मुलगी वाटते. तरी नाहीच आठवलं तर जेवढं येतं तेवढं सांग: 'आकडा आत्ता आठवत नाही, पण दाबाखाली वाफ जास्त तापते म्हणून स्पोअर मरतात.' मी पॅनेलवर असते तर या उत्तराला पाठ केलेल्या आकड्यापेक्षा जास्त गुण दिले असते. आणि इंग्रजीत अडलीस तर 'मराठीत सांगितलं तर चालेल का?' असं सरळ विचार. बहुतेक ठिकाणी चालतं.

'स्वतःबद्दल सांगा' या प्रश्नावर मला तुझा कान धरावासा वाटला. तू काय पाठ केलं होतंस? 'आय ॲम हार्डवर्किंग अँड सिन्सियर'? अगं, तू केळीवाल्याची पोर! ज्या लॅबचा सगळा धंदा शेतकऱ्याला रोप विकण्याचा, तिथे बसून तू हे सांगितलंच नाहीस? लॅबमधली अर्धी माणसं रोप गाडीत भरेपर्यंतच ओळखतात. ते पुढे वाफ्यात कसं जगतं, कसं मरतं, हे तू लहानपणापासून बघतेयस. आप्पांनी कधी सीएमव्ही हा केळीवरचा विषाणूरोग आला म्हणून हातांनी रोपं उपटून फेकली असतील, तर मातृरोपाची व्हायरस तपासणी का करायची हे तुला पुस्तकातून वाचायची गरज नाही. दोन मिनिटं एवढंच बोल: कुठली आहेस, हातांनी काय काय काम केलंयस, आणि हेच काम का हवंय. हे उडून जाणार नाही, कारण ते पाठ करावं लागत नाही.

पगाराचं: अशा जागेला नव्या माणसाला काय देतात ते तुझ्या आधीच्या बॅचच्या दोघांना विचारून ठेव आणि आकडा सांग. 'तुम्ही द्याल तो' पुन्हा नाही.

गोळीचं. मैत्रीण म्हणते ती बहुधा प्रोप्रॅनोलोल असावी. ती धडधड आणि कंप कमी करते हे खरं, पण ती डॉक्टरने तपासून द्यायची गोळी आहे. दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते, नाडी आणि रक्तदाब खाली आणते. मैत्रिणीच्या पर्समधून तर मुळीच नको. त्यापेक्षा फुकटचं औषध घे: श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, चार-पाच मिनिटं. बाहेर सोडताना घाई नको, सगळं मर्म त्यात आहे. लांब उच्छ्वासाने हृदयाचा वेग खाली येतो. पण हे आजपासून रोज रात्री कर, त्या दिवशी गेटबाहेर पहिल्यांदा करशील तर काही उपयोग नाही.

सकाळची पहिली एसटी पकड. उन्हातून धावत जाऊन घामाघूम खुर्चीत बसलीस तर शरीराला आयतंच निमित्त मिळतं. चहा एकच. आदल्या रात्री शेवभाजी नको, कितीही आग्रह झाला तरी. दशमी बांधून ने आणि खा, उपाशी पोटी कंप जास्त सुटतो.

एक गंभीर गोष्ट. तुझी झोप जाऊन तीन-चार आठवडे होत आलेत. वहीचा, श्वासाचा उपयोग झाला नाही, जेवण जाईना, इतर वेळीही छाती धडधडायला लागली, किंवा जगण्यात अर्थ नाही असं एकदा जरी मनात आलं, तर थांबू नकोस. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानसचा नंबर आहे. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. त्याच दिवशी लाव.

राहिले आप्पा. खरं सांगू, तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जड वाटलं ते हे. इंटरव्ह्यू वीस मिनिटांत संपला, पण 'चांगला झाला' हे तुला रोज नव्याने म्हणावं लागतंय. ते काही कळलं का विचारतात, तू नाही म्हणतेस, आणि प्रत्येक वेळी तीच खोली पुन्हा उघडते. मला वाटतं, तुझी झोप त्या तीन सरांपेक्षा यानेच जास्त उडवलीय.

तुला भीती आहे की त्यांचं मन मोडेल. माणूस कोण आहे बघ जरा. तुमच्या पट्ट्यात मे-जूनमध्ये वादळ येतं आणि कापणीला आलेली बाग अर्ध्या तासात आडवी होते. घडासकट. असं एखादं साल आप्पांच्या वाट्याला आलं असेलच. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याची वाट बघत बांधावर बसलेला माणूस तूही पाहिला असशील. आणि पुढच्या हंगामाला त्याच शेतात पुन्हा लागवड झालेली पण पाहिली असशील. एवढं सोसलेल्या बापाला 'आप्पा, मी घाबरले आणि मला बोलता आलं नाही' हे ऐकवणार नाही असं तू परस्पर ठरवून टाकलंस.

जेवायला बसल्यावर सर्वांदेखत नको. संध्याकाळी ते मळ्यात चक्कर मारायला जातात तेव्हा बरोबर जा. चालता चालता बोलणं सोपं जातं, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. कदाचित ते काहीच बोलणार नाहीत, खाली वाकून केळीच्या बुंध्याशी फुटलेलं एखादं पील कापतील. कदाचित रागावतील, तेही खोटं बोललीस म्हणून. ते चालेल. आणि 'माले माहीत शे, सर' हे त्यांना जसंच्या तसं सांग, त्याच सुरात. ते हसतील असं मला वाटतं. आणि १२ तारखेला एसटी स्टँडवर सोडायला या, असंही त्यांना आजच सांगून ठेव. ऐन वेळी सांगितलं आणि त्याच दिवशी व्यापाऱ्याची गाडी भरायला आली, तर त्यांना निघता यायचं नाही.

तुझी,
ताई